कामात मन कसं लागावं, काम कसं उरकावं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजच्या एका कारखान्यात मी २२ वर्षं काढली. आधी मशीनवर, मग क्वालिटीत, शेवटची काही वर्षं नव्या पोरांना ट्रेनिंग देण्यात. आता रविवारी जालना, परभणी, लातूर, जिथं बोलावतील तिथं याच विषयावर बोलायला जातो. माझं बोलणं पाऊण तास चालतं, लोकांचे प्रश्न दीड तास. त्यातले बरेचसे तेच ते असतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली.

कामात आनंद-बिनंद हे पोट भरलेल्यांचे चोचले नाहीत का?

निम्मं खरं आहे. दसरा झाला की बीड जिल्ह्यातून जोडपी ऊसतोडीला निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे मजुरांची एक जोडी. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते, ती फिटेपर्यंत टनाच्या हिशोबानं ऊस तोडायचा. त्यांच्या कोपीवर, म्हणजे झोपडीवर जाऊन कुणी "कामात आनंद शोधा" म्हणू लागला, तर मीच त्याला हात धरून बाहेर आणीन. तिथला प्रश्न उचलीचा आहे, दराचा आहे, पोरांच्या शाळेचा आहे.

पण महिन्याच्या महिन्याला पगार येतो, घर आहे, गाडी आहे आणि तरी रविवारी संध्याकाळपासून पोटात गोळा येतो, अशी माणसंही मला दर खेपेला भेटतात. पुढची उत्तरं त्यांच्यासाठी.

मन लागलं की काम होतं, का काम झालं की मन लागतं?

दोन्ही होतं. पहिल्याचा पुरावा ब्रिटनमधला आहे. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी ब्रिटिश टेलिकॉमच्या कॉल सेंटरमधल्या लोकांना सहा महिने दर आठवड्याला विचारलं, कसं वाटतंय? माणूस खुशीत असला की त्याची विक्री साधारण १३ टक्क्यांनी वाढत होती. खुशीत होता म्हणून तो जास्त तास बसला असं नाही. त्याच वेळात फोनवरची बोलणी जमून येत होती.

दुसऱ्याचा पुरावा मला जास्त जवळचा वाटतो. हार्वर्डच्या तेरेसा अमाबिले यांनी २३८ नोकरदारांकडून रोज डायरी लिहून घेतली. जवळपास १२,००० नोंदी जमल्या. माणसाचा दिवस कशानं चांगला जातो हे त्यात शोधलं, तर बोनसपेक्षा नि कौतुकापेक्षा वरचढ ठरलं ते एकच: महत्त्वाचं काम त्या दिवशी थोडं तरी पुढं सरकलं होतं. साहेब लोकांना हेच विचारलं तेव्हा त्यांनी काम सरकण्याला शेवटचा नंबर दिला, ही त्यातली गंमत.

साहेबाचा मूड तुमच्या हातात नाही. काम थोडं सरकवणं बऱ्याचदा असतं. म्हणून मी दुसऱ्या टोकाकडून सुरुवात करतो.

दिवसभर राबतो, पण संध्याकाळी काय केलं ते सांगता येत नाही. असं का होतं?

कारण तुमच्या कामाला धुरा, म्हणजे शेताला असते तशी कड, नाही. खुरपणीच्या बायका बघा. प्रत्येकीनं आपली पात, म्हणजे आपल्या वाट्याची पट्टी, धरलेली असते. पात धुऱ्याला लागली की कंबर सरळ करायची, घोटभर पाणी प्यायचं आणि मागं वळून बघायचं. मागं स्वच्छ रान दिसतं. जिची पात मागं राहिली तिला शेजारची दोन हात मारून पुढं आणते. उन्हात काम करूनही त्यांना दिवसातून पाच-सहा वेळा "झालं" म्हणायला मिळतं. एसी ऑफिसात बसणाऱ्याला आठवड्यात एकदा मिळत नाही.

म्हणून सकाळी पात आखून घ्या. एका चिठ्ठीवर तीन ओळी, जास्त नकोत. "कर्जप्रकरणं बघणे" ही पात झाली नाही, ते अख्खं शिवार झालं. "पीककर्जाच्या आठ फायली तपासून मॅनेजरच्या टेबलावर ठेवणे" ही पात. परभणीतल्या एका बँकेतल्या ताई अशी चिठ्ठी काउंटरच्या काचेखाली सरकवून ठेवतात. गर्दीच्या दिवशी तीनातली एकच ओळ खोडली जाते, म्हणाल्या, पण ती खोडताना पेन जरा जोरात दाबला जातो.

आपल्याकडं रोजानं काम आणि गुत्त्यानं, म्हणजे ठेक्यानं काम असे दोन प्रकार आहेत. रोजानं आलेला गडी सारखा ऊन कुठवर आलं ते बघतो. गुत्त्यानं घेतलेला किती रान राहिलं ते बघतो. नोकरी रोजाचीच असते. त्यातला एखादा तुकडा मनातल्या मनात गुत्त्यानं घेतला, तर घड्याळाकडं नजर कमी जाते. सगळीच नोकरी गुत्त्यानं घेऊ नका, माणूस मोडतो.

मी मशीनवर आहे. रोज तोच नग, तेच माप. यात काय सरकायचं?

हा प्रश्न मलाही पडायचा, आणि त्याचं उत्तर मला माझ्याच चुकीतून मिळालं.

आमच्या लाईनवर एक बुश, म्हणजे नळीसारखा पोकळ सुटा भाग, बनायचा. दर तासाला पाच नग गो-नोगो गेजनं, म्हणजे नग मापात आहे का नाही ते लगेच सांगणाऱ्या हत्यारानं, तपासायचे. गेज मऊ फडक्यात गुंडाळून कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली लाईन इन्स्पेक्टरकडं, म्हणजे माझ्याकडं. गेज हरवलं की पगारातून कापतील ही भीती, म्हणून मी किल्ली सोडायचो नाही. मी जेवायला गेलो, दुसऱ्या लाईनला गेलो की पोरं थांबायची. मग थांबायचीही बंद झाली, न तपासताच तक्त्यावर टिकमार्क करू लागली. एक दिवस गिऱ्हाइकाकडून अख्खी ट्रॉली परत आली. मी सगळ्यांसमोर पोरांना कामचुकार म्हणालो. हा शब्द मी त्या काळात सर्रास वापरायचो.

गंगापूरकडचा एक आयटीआय केलेला टर्नर पोरगा होता. तो काही बोलला नाही. दोन दिवसांनी त्यानं पॅकिंगच्या पेटीचा प्लायवूडचा तुकडा आणला. त्यावर गेज ठेवून लाल रंगानं कड काढली, वर एक हुक ठोकला आणि पाटी मशीनच्या खांबाला टांगली. गेज जागेवर नसलं की लाल आकार रिकामा दिसायचा, पार गेटकडून यावं तरी कळायचं. साखळीनं बांधलेलं असल्यानं हरवायचा प्रश्न नव्हता. तपासणी अर्ध्या मिनिटावर आली. माझी किल्ली माझ्याच खिशात राहिली, कुणी मागेना.

मला आठवतंय ते वेगळंच. शिफ्ट सुटल्यावर सगळे बसकडं पळायचे तेव्हा तो पोरगा वळून एकदा त्या पाटीकडं बघायचा. नग तोच होता, माप तेच होतं.

तेव्हा तुमच्या जागेवर रोज कुठं अडकायला होतं ते शोधा. हात कुठं पोचत नाही, कुठली सही मिळत नाही, कुठली वस्तू रोज शोधावी लागते. त्यातली एक गोष्ट निस्तरा. याला कंपन्या कायझेन म्हणतात. आमच्याकडं पुढं महिन्याला माणशी दोन कायझेनची सक्ती झाली आणि लोक "टेबल पुसले", "झाडू कोपऱ्यात ठेवला" असली कायझेनं लिहू लागले. सक्तीनं चांगल्या गोष्टीचं काय होतं ते तिथं बघायला मिळालं.

आमच्या कामाचा अर्धा दिवस व्हॉट्सअ‍ॅपच खातं. काय करावं?

हा प्रश्न जिल्हा परिषदेच्या शाळांतले गुरुजी नि बाई सगळ्यात जास्त विचारतात. "माहिती आजच दुपारी २ पर्यंत सादर करावी." मग वर्ग सोडून माहिती भरा. फोन बंद ठेवा म्हणणं सोपं आहे, पण त्यांना ते परवडत नाही.

एका शाळेनं केलेलं मला पटलं. चार शिक्षकांत एकाची आठवडाभर "फोनची पाळी". ग्रुप तोच बघणार, लागली तर माहिती तोच गोळा करणार, बाकी तिघांचे फोन कपाटात. दर वर्षी पुन्हा पुन्हा मागितली जाणारी माहिती त्यांनी एका वहीत आधीच लिहून ठेवलीय.

एकटे असाल तर ठरावीक वेळ लावून बसा. इटलीच्या फ्रान्चेस्को चिरिलोनं विद्यार्थी असताना टोमॅटोच्या आकाराचं स्वयंपाकघरातलं घड्याळ लावून २५ मिनिटं अभ्यास, मग थोडी सुट्टी अशी पद्धत काढली. २५ हा आकडा काही पवित्र नाही. माझ्या बायकोच्या कुकरच्या तीन शिट्ट्यांत दोन वह्या तपासून होतात.

एप्रिल-मेमध्ये डोकंच चालत नाही. हा आळस आहे का?

नाही. पारा ४२ च्या वर गेला की शरीर स्वतःला थंड ठेवण्यात गुंतलेलं असतं. आपल्या बापजाद्यांना हे कळत होतं, म्हणून औत पहाटे जुंपायचे. उन्हाळ्यात शाळा सकाळच्या होतात त्या याचसाठी. विचाराचं, हिशोबाचं, भांडणाचं सगळं काम सकाळी ११ च्या आत उरकून घ्या. २ ते ४ मध्ये सह्या, फायली लावणं, फोन. महत्त्वाची मीटिंग जेवणानंतर ठेवणाऱ्या साहेबाला काय म्हणावं हे मला अजून सुचलेलं नाही.

कूलर लावला तर समोरची खिडकी थोडी उघडी ठेवा. बंद खोलीत तो नुसता दमटपणा वाढवतो आणि मग जास्तच पेंग येते.

थर्ड शिफ्टनं सगळं बिघडतं. काही उपाय?

पूर्ण उपाय नाही. आठवड्याला शिफ्ट बदलते तिथं शरीराचं घड्याळ जुळेपर्यंत पुन्हा बदलायची वेळ येते. तरी जमतं ते सांगतो. ड्युटीला निघायच्या आधी अर्धा तास डोळा लावा. चहा पहिल्या निम्म्या रात्रीतच, पहाटे चारला नको. सकाळी घरी आल्यावर खिडकीला जाड चादर आणि दाराला आतून कडी. आणि शिफ्ट लावणाऱ्यापर्यंत तुमचं म्हणणं पोचत असेल तर सांगा: पाळी फर्स्ट, सेकंड, थर्ड अशा क्रमानं फिरवा. उलटी फिरवली की शरीराला जास्त जड जातं, हे तपासलेलं आहे.

घरच्यांना मात्र बजावून सांगावं लागतं. दिवसा झोपलेला माणूस रिकामा आहे असं सगळ्या गल्लीला वाटतं. मला गॅसची टाकी उतरवायला कितीदा उठवलंय याचा हिशोब नाही.

पगार वाढला तर आनंद आपोआप येईल ना?

अमेरिकेत फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी पिट्सबर्ग भागातल्या सुमारे २०० इंजिनिअर आणि अकाउंटंट लोकांना विचारून १९५९ मध्ये मांडलं, की कमी पगारानं माणूस नाराज होतो, पण जास्त पगारानं तो कामात रमेलच असं नाही. नाराजीची कारणं वेगळी, रमण्याची वेगळी. बऱ्याच अंशी पटतं. पण हर्झबर्गना गुत्तेदाराकडचा कामगार भेटला नसावा. त्याला आधी नाराजी तरी संपू द्या.

तुम्ही त्यातले असाल तर आनंदाच्या आधी कागद बघा. पगाराची पावती मिळते का? पीएफ कापतात तो खात्यात जमा होतो का? सरकारच्या उमंग अ‍ॅपवर पासबुक दिसतं. कारखान्यातल्या कामगाराला ओव्हरटाईमचा दर कायद्यानं साध्या दराच्या दुप्पट आहे. तो मिळत नसेल आणि वरून "पॉझिटिव्ह राहा" असं कुणी सांगत असेल, तर तुम्हाला येणारा राग अगदी जागेवर आहे.

साहेब कधीच चांगलं म्हणत नाहीत.

म्हणणारही नाहीत, त्यांच्या साहेबांनी त्यांना म्हटलेलं नसतं. "कसं झालं सर?" विचारलं की "ठीक आहे" मिळतं. "यातलं कुठलं पान परत करू?" असं विचारून बघा. त्याला उत्तर द्यायचं तर कागद वाचावा लागतो. आणि तुमच्या हाताखाली कुणी असेल तर आज त्याला काय म्हणालात ते आठवा.

नोकरी, घर, पोरं. आम्हा बायकांना हे टाइम मॅनेजमेंट कसं जमणार?

नांदेडला एका नर्सताईंनी हे विचारलं, तेव्हा मी चिठ्ठी-बिठ्ठी सांगायला लागलो. त्या शांतपणे म्हणाल्या, "सर, तुमचा आजचा डबा कुणी केला?" पुढं मला बोलता आलं नाही. मी १५ वर्षं वेळेच्या नियोजनावर बोलत होतो आणि माझा डबा रोज तयार होऊन दाराशी येत होता.

तेव्हापासून या प्रश्नाला मी नियोजनाची युक्ती सांगत नाही. तास तेवढेच आहेत, काम दुसऱ्याच्या अंगावर गेल्याशिवाय ते सुटत नाहीत. आमच्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही. ज्या दिवशी येतं त्या दिवशी पहाटे कोण उठणार, यावर घरातल्या बाईची झोप ठरते. आमच्या घरी पाणी आता माझ्याकडं आहे. "मदत करतो" असं नाही, माझ्याकडं आहे. कधी येणार ते मीच लक्षात ठेवायचं, मोटर लावायची, टाकी वाहायच्या आत बंद करायची. लक्षात ठेवण्याचं ओझं जोवर तिच्याच डोक्यात असतं, तोवर बादली उचलून फार काही हलकं होत नाही. हे कळायला मला दोनदा टाकी वाहून जिन्यात पाणी यावं लागलं.

नवऱ्याला हे वाचायला द्या. तो "नंतर बघतो" म्हणेल.

सुट्टी काढली तरी फोन येतात. मग सुट्टीचा उपयोग काय?

लातूर-धाराशिवकडच्या लोकांनी हे विचारू नये. येळवसेला, म्हणजे मार्गशीर्ष अमावस्येला, अख्खं लातूर शेतात असतं. कडब्याची खोप, भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे. त्या दिवशी फोन केला तर करणाऱ्यालाच लोक हसतात. सुट्टी सगळ्यांनी मिळून मानली की ती टिकते. एकट्यानं काढली की तिला भोकं पडतात.

म्हणून निघायच्या आधी कुणाला काय विचारायचं ते लिहून सहकाऱ्याच्या हातात द्या, आणि त्याच्या सुट्टीत त्याचं काम तुम्ही अंगावर घ्या. राज्य सरकारी कार्यालयांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा मिळाला. कारखान्यात अजून सहा दिवस आहेत. तिथं ही अदलाबदलच कामाला येते.

मला करायचं होतं वेगळंच. नावडत्या कामात मन कसं लावू?

लातूरला हा प्रश्न हमखास येतो. डॉक्टर व्हायला आलेला पोरगा दोन-तीन प्रयत्नांनंतर त्याच शहरात मेडिकल दुकानाचा हिशोब बघत असतो. आवड शोधा, असं मी त्याला सांगत नाही. आवड बऱ्याचदा हात बसल्यावर येते.

अमेरिकेत एमी व्झेस्न्येव्स्की आणि जेन डटन यांनी २००१ मध्ये हॉस्पिटलातल्या सफाई कर्मचाऱ्यांबद्दल लिहिलं. काम एकच, पण काहींनी ते नुसतं फरशी पुसणं मानलं, तर काहींनी रुग्ण बरा होण्यातला आपला वाटा. दुसरे लोक रुग्णांशी बोलायचे, नातेवाइकांना वाट दाखवायचे. त्यांनी नेमून दिलेल्या कामाला स्वतःचं थोडं जोडून घेतलं होतं. तो दुकानातला पोरगा आता म्हाताऱ्या गिऱ्हाइकांच्या गोळ्यांच्या पाकिटांवर चंद्र आणि सूर्य काढून देतो, रात्रीची कुठली नि सकाळची कुठली ते कळावं म्हणून. हिशोब त्याला अजून आवडत नाही.

सगळं सोडून पुण्याला जाऊ का?

कामासाठी जायचं तर जरूर जा. साहेबाला कंटाळून जात असाल तर तसलेच साहेब तिथंही आहेत, भाडं जास्त आहे आणि हिंजवडीच्या ट्रॅफिकची सकाळही जमेस धरा.

झोप लागत नाही, उगाच रडू येतं, कामावर जायच्या विचारानं छाती धडधडते.

मग चिठ्ठी, पात, पाटी सगळं बाजूला ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये कामाच्या न आटोपणाऱ्या ताणातून येणाऱ्या थकव्याला, बर्नआउटला, नोकरीशी निगडित स्थिती म्हणून नोंदवलं, आजार म्हणून नाही. पण दोन आठवडे असंच चाललं असेल तर नैराश्य असू शकतं आणि तो आजार आहे, त्याला औषध आहे. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्याचा विभाग असतो. जीव नकोसा वाटत असेल तर आजच, आत्ता, फोन करा आणि घरातल्या एकाला तरी सांगा.

कामावर कुणी बाईमाणसाला नको तसा त्रास देत असेल तर तो "ताण" नव्हे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानं दहा किंवा जास्त माणसांच्या ठिकाणी तक्रार घेणारी अंतर्गत समिती हवी. त्याहून लहान ठिकाणी जिल्ह्याची स्थानिक समिती तक्रार घेते. तक्रार तीन महिन्यांच्या आत, लेखी.

चहाच्या टपरीवर वेळ वाया जातो, असं मॅनेजर म्हणतात.

माझ्या बघण्यात लाईनवरचे निम्मे घोळ टपरीवर मिटलेत. मॅनेजरलाही न्या, चहा त्याच्या खात्यावर.

कंपनीच्या बसमध्ये झोपावं, का काही शिकण्यासारखं ऐकावं?

झोपा. फक्त शेजाऱ्याला आपला स्टॉप सांगून ठेवा. थर्ड शिफ्टवरून येताना मला क्रांती चौकात उतरायचं होतं, जाग आली ती सिडकोला, आणि तिथून परत रिक्षावाल्यानं ८० रुपये घेतले.